बँडमास्तरांची मिशी

मेलेल्या माणसाची दाढी करायला कोमट पाणी कशाला, हा प्रश्न त्याला गावातल्या एकूण एक शहाण्यानं विचारून झाला होता. उत्तर ठरलेलं होतं. "त्यांना नाही हो, मला गार लागतं." विचारणारा हसायचा आणि पुढच्या कामाला लागायचा. पण नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. कोमटमामा.

मामाचं दुकान दवाखान्याच्या मागच्या फाटकासमोर. एकच खुर्ची, तिचाही दांडा अडकायचा. वर चढलेलं गिऱ्हाईक खाली आणायचं तर दोघांना लोंबकळावं लागे. आरशाचा पारा एका जागी उडालेला, त्यामुळे त्यात बघणाऱ्या प्रत्येकाच्या डाव्या गालाला डाग दिसे. नवा माणूस गाल पुसपुसून थके. जुनी गिऱ्हाइकं त्याची गंमत बघत बाकावर बसत.

मागच्या फाटकातून दवाखान्याबाहेर काय येतं ते सांगायला नको. एकदा तिथली नर्सबाई रस्ता ओलांडून आली आणि म्हणाली, "एक म्हातारे गेलेत. आजारात दाढी इतकी वाढलीय की लेक म्हणते, हे माझे बाबाच नव्हेत. येता का?" मामा तेव्हा तरणाताठा होता, नाही म्हणायची लाज वाटली. गेला. साबणाचा निम्मा फेस स्वतःच्याच बनियनवर. गाल गार, पाणी गार, दगडाला वस्तरा लावतोय असं वाटायला लागलं. दुसऱ्या वेळेपासून त्यानं थर्मासात कोमट पाणी न्यायला सुरुवात केली, आणि बोलायलाही. "आबा, जरा मान वर घ्या. हां. झालंच." त्याच्या बायकोनं एकदा विचारलं, "आणि एखाद्यानं खरंच मान वर घेतली तर?"

"मग उरलेली दाढी तू कर," मामा म्हणाला.

बायको खमकी होती. त्याच्यासाठी तिनं दोन पेट्या केल्या होत्या. काळी जिवंतांची, तांबडी दुसऱ्यांची. तांबडी घेऊन तो बाहेर गेला की परत आल्यावर उंबऱ्याबाहेर उभा, आणि अंगावर बादली. मगच घरात. "दिवसभर मेलेल्यांशी गप्पा मारतात," ती शेजारणीला सांगायची, "आणि घरी आले की मौनीबाबा. मरावं म्हणते एकदा, म्हणजे माझ्याशीही चार शब्द बोलतील."

तर मामाच्या कामाची एक रीत होती, आणि ती त्यानं कधी मोडली नाही. खोलीतली गर्दी बाहेर काढायची. घरातलं सगळ्यांत जवळचं एक माणूस आत ठेवायचं. त्याला विचारायचं: भांग कुठल्या बाजूला पाडायचा, मिशी ठेवायची का काढायची. ते सांगेल तसं करायचं. आणि उतरलेला एकही केस झाडून टाकायचा नाही. स्वच्छ रुमालात घ्यायचा, गाठ मारायची, घरच्यांच्या हातात द्यायचा. "दुकानातला केस कचरा असतो," तो म्हणे, "हा नसतो."

कायद्याशी त्याची गाठ पडली ती याच कामात. दवाखान्याच्या थंड खोलीत एक जण कामाला होता. तो गेलेल्या माणसांचे मोबाइलवर फोटो काढायचा आणि मित्रांना पाठवून खिदळायचा. मामानं एकदा ते पाहिलं, आणि पाहिलं तसं जाऊन सांगितलं. खटला उभा राहिला. मामा साक्षीदार. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून नीट बोलला. फोटोवाल्याला शिक्षा झाली. निकाल देताना न्यायाधीश म्हणाले, मेलेल्या माणसाला तक्रार करता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं कायद्यानं करायची.

हे वाक्य मामाला भलतंच आवडलं. आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्या माणसाच्या तोंडून आपल्या मनातलं निघालं म्हणून असेल. पुढं दुकानात जो बसेल त्याला, गालाला फेस लावून झाल्यावर, म्हणजे तो बोलू शकणार नाही असं बघून, मामा ते ऐकवायचा. प्रेताची विटंबना केली तर तुरुंग आहे. अंगावरची वस्तू काढली तर तुरुंग आहे. "माणूस मेला म्हणजे मोकाट माल झाला का?" बाकावरचे म्हणायचे, "लागली रेकॉर्ड. मामा, आधी दाढी करा, मग अटक करा."

त्याच कायद्यानं एक दिवस त्याचीच मान धरली.

झालं असं, की बँडमास्तर गेले. बँडमास्तर म्हणजे गावाचा कर्णा. लग्न असो, मिरवणूक असो, शर्यतीचं बक्षीस असो, पुढं मास्तर आणि मास्तरांच्याही पुढं त्यांची मिशी. अशी मिशी पुन्हा होणे नाही. दोन्ही टोकं वर वळलेली, कानाला गुजगोष्टी सांगायला निघाल्यासारखी. मास्तर पितळी कर्णा तोंडाला लावायचे तेव्हा आधी मिशी दोन बोटांनी बाजूला सारायचे, आणि पोरं तेवढ्यावरच टाळ्या वाजवायची. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथं ओठापेक्षा मिशी जड होती.

म्हातारपणानं, झोपेतच गेले. निरोप आला तसा मामा तांबडी पेटी घेऊन गेला. बाहेरच्या खोलीत बँडवाले लाल कोट घालून भिंतीला टेकून बसलेले. दारात मास्तरांचा धाकटा भाऊ. चपलांचं दुकान चालवायचा. त्यानंही तसलीच मिशी ठेवली होती, पण थोरल्याची मिशी मिशी होती आणि धाकट्याची तिची नक्कल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही.

मामानं रीतीप्रमाणं सगळ्यांना बाहेर काढलं. आत राहिल्या मास्तरांच्या बायको. बारीक चणीची बाई. उभ्या आयुष्यात तिचा आवाज मोठा झालेला कुणी ऐकला नव्हता. ज्या घरात कर्णा वाजतो तिथं दुसऱ्यानं आवाज चढवून करायचं काय? भिंतीवर दोन कर्णे टांगलेले, चकचकीत पुसलेले. त्या पुसायच्या.

मामानं पाणी काढलं, फेस केला. "मास्तर, सुरू करतो हां," म्हणाला. दाढी झाली. मग केवळ रीत म्हणून विचारलं, "ताई, मिशी? ठेवायचीच ना?"

"काढा," बाई म्हणाल्या.

मामाचा वस्तरा हवेत थांबला. "ताई, मी मिशीचं विचारतोय."

"मीही मिशीचंच सांगतेय."

"ताई, पुन्हा एकदा विचार करा. ही काही परत उगवायची नाही."

"म्हणून तर," बाई म्हणाल्या. "मला एकदा बघायचंय."

काय बघायचंय ते मामानं विचारलं नाही. त्यानं कात्री घेतली, मग वस्तरा. मिशी रुमालात उतरली तेव्हा मूठभर भरली. खाली ओठ निघाला. इतक्या वर्षांत ऊन न पाहिलेला, पोरासारखा गोरा. आणि ओठाच्या वर, उजव्या बाजूला, एक टपोरा तीळ.

बाई वाकल्या. बघत राहिल्या. मग हसल्या, अगदी तोंडावर हात ठेवून, नव्या नवरीसारख्या. "आहे की मेला अजून तिथंच," म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या, तिळाला की नवऱ्याला, कोण जाणे.

मग त्यांचं दाराकडं लक्ष गेलं, आणि चेहरा उतरला. "मामा, मी सांगितलं म्हणून बोलू नका हो आज. माझ्यात आज भांडायचं बळ नाही."

"नाही बोलणार," मामा म्हणाला. आणि इथंच त्यानं पायावर धोंडा पाडून घेतला.

दार उघडलं. बँडवाले आत डोकावले. मग बँडमधला ढोलवाला मोठ्यांदा म्हणाला, "हे कोण?" तेवढ्यानं आग लागली. धाकटा भाऊ आत आला, थोरल्याकडं बघून दोन पावलं मागं सरला, आणि मामाच्या गळपट्टीला झोंबला. "कोमट्या! माझ्या भावाची मिशी!"

"हात चुकला," मामा म्हणाला.

त्या दिवशी बँड वाजला, पण सूर जुळेनात. वाजवणारे सारखे मागं वळून बघत होते, आपण भलत्याच माणसाला तर पोचवत नाही ना म्हणून. या गोंधळात रुमाल मामाच्या खिशातच राहिला. आणि सगळं आटोपल्यावर धाकटा भाऊ घरी न जाता थेट पोलीस ठाण्यात गेला. प्रेताची विटंबना केली. शिवाय मिशी चोरून नेली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यानं कळवलं, चौकशी संपेपर्यंत मागच्या फाटकातून आत यायचं नाही. दुकानातला बाक मात्र कधी नव्हे इतका भरला. दाढीचं कुणालाच पडलेलं नव्हतं.

"मामा, तुरुंगात कैद्यांची हजामत करायला माणूस लागतोच म्हणा."

"मामा, माझ्या मिशीवर लक्ष ठेवा हं. म्हणजे ठेवू नका."

"काय हो, ते वाक्य काय होतं तुमचं? मेलेल्याच्या वतीनं कायद्यानं तक्रार करायची. केली की मग!"

मामाही हसला, पण पुसलेलाच वस्तरा पुन्हा पुन्हा पुसत राहिला. तुरुंगाचं भय होतंच, नाही असं नाही. पण जास्त लागलं ते वेगळंच. ज्या पिंजऱ्यात फोटोवाला उभा राहिला त्यात आपण उभं राहायचं. त्या खिदळणाऱ्याच्या आणि आपल्या नावापुढं एकच गुन्हा लागायचा.

घरी बायकोनं ताट वाढलं आणि समोर बसली. "हात चुकला?"

"चुकला."

"तुमचा? डास गालावर बसला तर त्याची दाढी करून सोडणारा हात तुमचा. खोटं बोलता तेव्हा तुमचे कान हलतात, माहीत आहे ना? आत्ता पंख्यासारखे हलताहेत."

मामानं कान धरले. बायको हसली नाही. "खोलीत कोण होतं?"

मामा जेवत राहिला.

"बरं," बायको म्हणाली. "मौनीबाबा. कळलं मला."

सकाळी ठाण्यातून बोलावणं आलं. ठाण्याच्या मॅडम म्हणजे जाड चष्म्याच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. टेबलावर चहाचे दोन कप, एक त्यांचा, एक माशांचा. धाकटा भाऊ आधीच येऊन बसला होता, मिशीला ताजा पीळ देऊन.

"मामा, कायदा मी तुम्हाला काय सांगू, तुम्हीच मागच्या दाढीला माझ्या भावाला सांगितलात," मॅडम म्हणाल्या. "यात हेतू बघतात. गेलेल्याचा अपमान करायचा किंवा घरच्यांची मनं दुखवायची म्हणून मुद्दाम केलं, तर गुन्हा. चुकून झालं तर माफी मागा, सुटा. बोला. चुकून झालं?"

"हो मॅडम. हात चुकला."

"डाव्या बाजूला चुकला का उजव्या?"

मामा नकळत स्वतःचाच ओठ चाचपायला लागला.

"नाही, एका बाजूची उडाली असती तर मी समजले असते. पण ह्यांनी फोटो दाखवला. दोन्ही बाजू साफ, काठ न् काठ सारखा, कुठं ओरखडा नाही. असं चुकायला मला जमलं तर मी रोज चुकेन." मॅडमनी चष्मा काढला. "हे काम मन लावून केलंय, मामा."

"बघा!" धाकटा उठलाच. "मी म्हणत नव्हतो? जाणूनबुजून!"

आता आली का पंचाईत! खोटं बोललं तर फास आवळतो, खरं बोललं तर शब्द मोडतो. एवढी वर्षं मामा हात हलका ठेवायचं शिकला, जीभ हलकी करायचं शिकलाच नाही.

"कुणी सांगितलं होतं का तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

मामा म्हणाला, "मी काढली. एवढंच लिहा."

"आणि मिशी कुठाय? चोरीचाही आरोप आहे."

मामानं खिशातून रुमाल काढला. गाठ तशीच होती. टेबलावर ठेवला. "गडबडीत द्यायचा राहिला. कालही गेलो होतो घरी, ह्यांनी दारातूनच हाकललं. माझ्याकडून एक केस कमी झालेला नाही."

धाकट्यानं हात पुढं केला आणि अर्ध्यातच थांबवला. मॅडम रुमालाकडं बघत म्हणाल्या, "आयुष्यात मुद्देमाल पुष्कळ पाहिला. मिशी पहिल्यांदाच."

तेवढ्यात बाहेर हवालदाराचा आवाज. "अहो बाई, असं आत जाता येत नाही!" आणि त्याच्यापेक्षा वरचढ आवाज, मामाच्या ओळखीचा. "तुमच्या परवानगीनं जाते म्हटलं का मी?" दार ढकललं गेलं. पुढं मामाची बायको, आणि तिच्या मागं, पदर सावरत, बँडमास्तरांच्या बायको.

"ह्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं," मामाची बायको म्हणाली. "आतल्या खोलीत बसवून ठेवलेलं. सगळे म्हणे, वहिनींना त्रास नको. मी जाऊन विचारलं, खोलीत तुम्हीच होता ना? पुढं मला काही बोलावं लागलं नाही."

"मी सांगितलं मिशी काढायला," बाई म्हणाल्या. आवाज बारीकच, पण ठाण्यातला पंखासुद्धा ऐकायला थांबल्यासारखा झाला.

"वहिनी!" धाकट्याचा चेहरा असा झाला, जणू त्याचीच उतरवली.

"ओरडू नका भावजी, मला ऐकू येतं. एवढी वर्षं कर्ण्याशेजारी काढूनही येतं." बाई खुर्चीवर बसल्या. "लग्नात मी ह्यांना पाहिलं तेव्हा तोंडावर लव नव्हती. ओठावर एक तीळ होता. मुलगा मला आवडला असेल तर त्या तिळामुळं. मग बँडच्या जुन्या मालकांनी सांगितलं, मास्तर व्हायचं तर मिशी पाहिजे. ठेवली. मला म्हणाले, बँड सोडला की काढतो. बँड सोडला तर म्हणाले, आता लोक ओळखणार नाहीत. लोक! म्हटलं, मी काय चुलीतलं लाकूड आहे का? तर हसून पीळ द्यायचे." त्यांनी मामाकडं पाहिलं. "शब्द त्यांनी दिला होता. ह्या मामांनी तो पुरा केला. मी गप्प राहा म्हटलं ते त्या दिवसापुरतं, बाबा! तुम्ही तुरुंगात जाईपर्यंत गप्प बसाल हे मला काय ठाऊक?"

"ह्यांना मुदत सांगावी लागते," मामाची बायको म्हणाली. "नाहीतर थांबतच नाहीत."

मॅडमनी चष्मा पुसायला घेतला; हसू लपवायला दुसरं साधन नव्हतं. मग धाकट्याकडं वळून सरळ बोलल्या. "हे बघा. कायदा मेलेल्याची अब्रू राखायला आहे. बायकोनं मायेनं मागितलं, कारागिरानं मान राखून केलं, केससुद्धा बांधून ठेवले. यात विटंबना मी कुठून शोधून आणू? मला काही गुन्हा दिसत नाही. तुम्हाला वरती जायचं असेल तर तुमचा हक्क आहे."

धाकटा पुन्हा खुर्चीत टेकला. बोलला तेव्हा आवाजातली ऐट गेली होती. "मी शेवटचं बघायला गेलो आणि तिथं दुसराच कुणीतरी होता. माझा दादा मला दिसलाच नाही."

मामाला मान खाली घालावीशी वाटली. रीत सांभाळताना तो एकाला विचारायचा. दारापलीकडं उभ्या असलेल्या दुसऱ्याला काय हवंय, हे त्याच्या रीतीत बसत नव्हतं.

बाईंनीच रुमाल उचलला आणि दिराच्या हातात ठेवला. "तुम्ही पाळण्यात होता हो तेव्हा. तुमचा दादा मिशीचाच. माझा तिळाचा होता. माझा मी पाहिला, तुमचा तुम्ही घ्या."

त्यानं रुमाल छातीच्या खिशात ठेवला, वर बटण लावलं, आणि उठला. दारापर्यंत जाऊन वळला. "कोमट्या... मामा," म्हणाला, आणि निघून गेला.

दवाखान्याचं मागचं फाटक पुन्हा उघडलं. मामाची तांबडी पेटी पुन्हा हिंडायला लागली. रीतीत एवढाच फरक पडला, की हल्ली तो विचारून झाल्यावर दार किलकिलं करून बाहेरच्यांनाही विचारतो, "कुणाला आहे तसं एकदा बघायचंय का?"

आणि एके सकाळी दुकानाच्या दारात धाकटा भाऊ उभा. बाक गप्प झाला. तो सरळ खुर्चीत बसला. आरशात डाव्या गालाचा डाग बघून गाल पुसला, पुन्हा पुसला. कुणी हसलं नाही, म्हणजे मोठीच सभ्यता झाली.

"मामा, नुसती टोकं नीट करा," तो म्हणाला. मग बाकाकडं बघून, दुकानभर ऐकू जाईल असं, "आणि सगळ्यांसमोर सांगून ठेवतो. मी गेलो की माझी मिशी ठेवायची. कुणी काही म्हणो, बायको म्हणो. ऐकलंत?"

"ऐकलं," मामा म्हणाला.

झालं. बाकाला वाचाच फुटली. एक म्हणाला, माझे केस काळे करून न्या, मेहुणा बघायला येईल. दुसरा म्हणाला, माझी दाढी करूच नका, आयुष्यभर टाळली ती मेल्यावर कशाला. ढोलवाला म्हणाला, माझे कल्ले राहू द्या, पण कानातले केस काढा, ते बायकोला आवडत नाहीत. "मग आत्ताच काढ की!" सगळे ओरडले. मामा फेस घोटत एकेकाचं ऐकून घेत होता, गिऱ्हाइकं जिवंत असताना इतकी स्पष्ट बोलतात याचंच त्याला नवल वाटत होतं.

रात्री जेवताना त्यानं ते सगळं बायकोला सांगितलं, स्वतःहून, एका दमात. ती घास हातात धरून ऐकत राहिली.

"आणि तुमचं काय करायचं?" तिनं शेवटी विचारलं. "मिशी तर तुम्हाला नाहीच."

मामानं जरा विचार केला. "तू म्हणशील ते. फक्त पाणी कोमट घे."

"का? तुम्हाला तेव्हा कुठं गार लागणार?"

"मला नाही गं," मामा म्हणाला. "तुझ्या हाताला."